उदबत्ती सरळ

"काका, वर असताना शू लागली तर तुम्ही काय करता?"

विचारलं एकदाचं. मागे सायकल स्टँडच्या आडोशाला फाल्गुनी आणि सुझन तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच होती. मी विचारलं नाही, तर गॅदरिंगच्या नाचात मला मागच्या रांगेत उभं राहावं लागणार होतं, आणि मागच्या रांगेत उभं राहायचे माझे दिवस संपले होते. नववीत होते मी. नुकतीच वक्तृत्वात ढाल आणली होती, वेणी कापून केस खांद्यापर्यंत केले होते, आणि जगात कुणालाही काहीही विचारता येतं हा शोध मला लागला होता.

घोरपडेकाका थांबले. हेल्मेटची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत म्हणाले, "हे मनवाचं डोकं नाही. बाहेर या गं सशांनो."

दोघी खाली माना घालून बाहेर आल्या.

"आता ऐका. वर असताना मला काही लागत नाही. भूक लागत नाही, तहान लागत नाही, तुम्ही म्हणताय तेही लागत नाही. एकच गोष्ट लागते. हिच्या बाबाचा आकडा. तो खिशात असला की बास."

"आणि आकडाच चुकला तर?" हे पैजेत नव्हतं, पण मला आता थांबवणार कोण.

"सबनीसचा? लग्नाचा मुहूर्त चुकवला असंल त्यानं, आकडा नाही चुकवायचा." मग फाल्गुनीच्या डोक्यावर टपली मारून ते विमानतळाच्या फाटकाकडे निघाले. चालताना त्यांचा डावा बूट करकरायचा. वृंदाकाकू त्यावरून त्यांना दर रविवारी बोलायच्या, आणि दर सोमवारी बूट तसाच करकरायचा.

आमची वसाहत धावपट्टीच्या कुंपणाला लागून होती. खडकमाळ नाव, आणि नावाप्रमाणेच गाव: खडक आणि माळ. आमच्या कारखान्यात हेलिकॉप्टर बनायचं, घोरपडेकाका ते पहिल्यांदा उडवून बघायचे आणि बाबा त्याचे आकडे काढायचे. काका कोल्हापूरकडचे, आधी सैन्यात होते. बाबांची आणि त्यांची जोडी इतकी जुनी, की काका आमच्या घरी आले की आई न विचारता चहात आलं जास्त घालायची.

त्या सकाळी कुंपणाच्या जाळीतून मला बाबा दिसत होते. उकिडवे बसून ते उदबत्ती लावत होते.

हे सांगायला हवं, कारण आमच्या वसाहतीबाहेर यावर कुणाचा विश्वास बसत नाही. हेलिकॉप्टर हवेत एका जागी उभं करून इंजिनाची परीक्षा घ्यायची असेल, तर वारा अजिबात नको. टॉवरवर वारा मोजायची चक्री होती, पण ती जुनी होऊन जड झालेली. वादळ आलं तरच ती फिरायची, एरवीचा वारा तिला कळायचा नाही. म्हणून बाबा लाकडी ठोकळ्यात एक साधी उदबत्ती खोचून ठेवायचे. धूर दोरीसारखा सरळ वर गेला की परीक्षा सुरू. काका वरून रेडिओवर विचारायचे, "सबनीस, उदबत्ती सरळ का?" आणि बाबा म्हणायचे, "सरळ." त्याशिवाय काका एकही मोजमाप सुरू करायचे नाहीत.

ते शब्द मग सगळ्या वसाहतीचेच झाले. गणिताचा पेपर कसा गेला? उदबत्ती सरळ. वाण्याकडे साखर आली का? उदबत्ती सरळ. काकूंचा राग गेला का, असं काका मला जिन्यात हळूच विचारायचे, आणि मी नाकाला बोट लावून सांगायचे, "वाकडीय अजून, खालीच थांबा."

आम्ही तिघी पाण्याच्या टाकीवर चढलो. चढायला बंदी होती, म्हणूनच नाचाचा सराव तिथे. आईची अबोली ओढणी मी न विचारता आणली होती. सुझनने फोन कठड्यावर टेकवला, आणि तेवढ्यात समोर, बऱ्याच लांब, हेलिकॉप्टर जमिनीवरून उठलं. हळूहळू वर आलं आणि आमच्या टाकीच्या उंचीला येऊन उभंच राहिलं.

"मागे हेलिकॉप्टर," सुझन म्हणाली. "एवढा खर्च सिनेमावालेपण करत नाहीत. नाच, मनवा."

मी नाचले. ओढणी उडत होती, मी उडत होते, आणि मागे काका हवेत खिळा ठोकल्यासारखे थांबले होते. मला वाटलं, ते माझ्याकडेच बघताहेत.

संध्याकाळी बाबा घरात शीळ घालत आले. आईने विचारलं, "आला वाटतं आकडा."

"आला. आणि वाटलं होतं त्यापेक्षा चांगला आला."

"आकडा म्हणजे काय असतं हो नक्की?" मी विचारलं. इतकी वर्षं घरात ऐकत होते, पण विचारलं कधीच नव्हतं. तो माझा विचारण्याचा दिवस होता.

बाबा खुलले. पोळीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "असं बघ. इंजिनात किती ताकद आहे हे उघडून दिसत नाही. त्याचा स्वतःचा मीटर असतो, पण या नव्या इंजिनाच्या मीटरवर माझा अजून भरवसा नाही. मग काय करायचं? हमाल असतो ना बाजारात, त्याची ताकद कशी कळते?"

"पोतं उचलायला लावायचं."

"शाबास. पोत्याचं वजन मला माहीत आहे. त्याने ते उचलून धरलं, आणि धरताना तो किती तापला, किती धापा टाकल्या, तेही मी लिहून घेतलं. आता मी हिशेबाने सांगू शकतो, उद्या डोंगरावर, विरळ हवेत, हा गडी किती पोती उचलेल. जयवंत, म्हणजे तुझे घोरपडेकाका, तेवढीच पोती घेऊन जाणार. एक जास्त नाही."

"आणि उदबत्ती?"

"उदबत्ती एवढंच सांगते, की खालून दुसऱ्या कुणी पोत्याला हात लावलेला नाही. वारा असला की हेलिकॉप्टर हलकं होतं, फुकटात उचललं जातं. आणि आपण ते श्रेय इंजिनाला देऊन बसतो."

मग बाबांनी तो पोळीचा तुकडा खाल्ला. समोरच्या गच्चीतून काकांचा आवाज आला, "सबनीस, जिलबी आणलीय, ताट घेऊन या." आम्ही ताट घेऊन गेलो.

आता आम्ही जिथे राहतो तिथे हेलिकॉप्टर ऐकू येत नाही. मी बारावीत आहे, आणि या घरात जिलबी कुणी आणत नाही. अशी बंदी वगैरे नाही, नाही आणत एवढंच.

काका उत्तरेकडे डोंगरात गेले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. उंचावरच्या एका छोट्या सपाटीवर माणसं आणि सामान उतरवायचं, ही शेवटची परीक्षा. ती पास झाली की हेलिकॉप्टर बर्फात अडकलेल्यांना आणायला जाऊ शकणार होतं. जाताना काकांनी मला विचारलं, "तुला काय आणू तिकडून?" मी म्हटलं, "बर्फ." ते म्हणाले, "डब्यात आणतो. वितळला तर पाणी म्हणून पी."

सपाटी समोर असताना हेलिकॉप्टर खाली बसायला लागलं. सोबतचे वैमानिक वाचले, त्यांनी सांगितलं की काकांनी इंजिनाकडे मागितलं आणि इंजिनाने दिलं नाही. वारा तिथे अगदी पडलेला होता. हेलिकॉप्टर उताराला घासलं ते काकांच्या बाजूने.

त्यांना घरी आणलं तेव्हा वृंदाकाकूंनी दारातच कुणाला तरी विचारलं, "बूट कुठेत त्यांचे?" कुणालाच माहीत नव्हतं. काकू तेवढंच विचारत राहिल्या.

मग चौकशी बसली. बाहेरून माणसं आली, आमच्या गेस्ट हाउसमध्ये राहिली. आमची शाळेची परीक्षा सुरू झाली तरी वसाहतीत दुसरा विषय नव्हता. बाबांना रोज बोलवायचे. आकडे पुन्हा तपासले, बाबांनी आणि बाहेरच्यांनीही. हिशेब बरोबर होता. बेरीज, गुणाकार, हवेचं तापमान, सगळं बरोबर. आकड्याप्रमाणे इंजिनात ताकद शिल्लक असायलाच हवी होती. मग ती गेली कुठे? उरलं एकच उत्तर. वैमानिकाने घाई केली, मर्यादेबाहेर मागितलं.

"माझे पप्पा म्हणतात, घोरपडेकाकांना शायनिंग मारायची सवय होती," फाल्गुनी शाळेत म्हणाली. वाईट हेतूने नाही, घरी ऐकलं ते बोलली.

मी तिच्याशी दोन आठवडे बोलले नाही. पण बाबाही काही बोलत नव्हते, आणि ते मला जास्त लागत होतं. एकदा न राहवून मी विचारलं, "काका घाई करायचे का, बाबा?"

"नाही करायचा."

"मग तसं सांगा ना त्यांना."

"सांगितलं," बाबा म्हणाले. "त्यांनी विचारलं, मग तुमचा आकडा चुकला का? मी परत मांडून बघितला. नाही चुकलेला." आणि ते हात धुवायला उठले, ताटात सगळं तसंच होतं.

वृंदाकाकू मार्चमध्ये घर सोडणार होत्या. मी मदतीला गेले. खोक्यांच्या मधोमध त्या पाटावर बसून स्वेटरच्या घड्या घालत होत्या. आमच्या घरी यायचं त्यांनी हळूहळू कमी केलं होतं. आई बोलवायची, त्या "येते" म्हणायच्या.

"मनवा, तुझ्या त्या फोनमध्ये यांचं काही आहे का गं?" त्या म्हणाल्या. "फोटो आहेत माझ्याकडे, पण सगळे उभे राहून काढलेले. काहीतरी हलतं, बोलतं असलं तर बघ. रिपोर्टात लिहिणार आहेत म्हणे, की घाई केली. ऑफिसातल्या कर्णिकांनी सांगितलं मला. मी काय म्हणणार? मला त्यातलं कळत नाही." एक स्वेटर त्यांनी घडी घातला, उलगडला, परत घडी घातला. "देवळात चप्पल काढायलासुद्धा वेळ लावायचा माणूस. पण शिकलेली माणसं लिहिताहेत, तर असेल बाबा. असेल घाई केली. घरी यायची घाई झाली असेल."

आपल्या माणसाबद्दल त्या हे मानायला लागल्या होत्या. मला तिथे उभं राहवेना. मी म्हटलं, "शोधते, काकू," आणि निघाले.

माझ्या फोनमध्ये काही नव्हतं. मग टाकीवरचा नाच आठवला. तो सुझनच्या फोनमध्ये होता. तिच्या घरी जाऊन आम्ही पलंगावर बसून लावला. सुझन म्हणाली, "काका दिसणार नाहीत गं, लांब आहे. पण हेलिकॉप्टर आहे. ते आहेत त्यात."

खरंच, तेवढं पुरे होतं. छोटंसं, टिकलीएवढं, पण हलत नव्हतं जराही. मी रडत होते आणि पडद्यावरची मी दात काढून गिरक्या घेत होते.

"ओढणी बघ कशी उडतेय," सुझन म्हणाली. "एकदम हिरॉईन. जोरात होता नाही का वारा?"

मी डोळे पुसले. "काय म्हणालीस?"

"वारा. जोरात होता त्या दिवशी टाकीवर. विसरलीस? माझे केस तोंडात जात होते."

"हेलिकॉप्टरच्या पंख्याचा असेल," मी म्हटलं. मला तसंच हवं होतं.

सुझनने व्हिडिओ मागे घेतला. आम्ही दोघी जवळ वाकून बघत राहिलो. अबोली ओढणी माझ्या खांद्यावरून निघून आडवी, ताठ उडत होती. पंख्याचा वारा असता तर त्याने ओढणी हेलिकॉप्टरपासून लांब ढकलली असती, आमच्या अंगावर. ही उलटी उडत होती. हेलिकॉप्टरच्या दिशेने, त्याला बोट दाखवल्यासारखी.

आणि अजून एक. सुरुवातीला, हेलिकॉप्टर उठायच्या आधी, मी ओढणी खांद्यावर टाकत होते. तेव्हाही ती उडतच होती.

घरी आले तेव्हा ऊन अजून होतं. बाबा खुर्चीत बसले होते, आई मटार सोलत होती. मी फोन बाबांच्या हातात दिला. व्हिडिओ मी सुझनकडून घेतला होता.

"नाच आहे तुझा," बाबा म्हणाले.

"ओढणी बघा."

त्यांनी बघितलं. परत लावलं. "पंख्याचा असेल," ते म्हणाले, अगदी माझ्यासारखंच.

"पंख्याचा वारा आमच्याकडे येईल ना, बाबा. ती त्याच्याकडे चाललीय. आणि तो उठायच्या आधीपासून."

आईचा हात थांबला. "काय चाललंय दोघांचं?"

बाबांनी व्हिडिओ परत सुरुवातीला नेला. गाणं पुन्हा पुन्हा सुरू होत होतं, तेच लग्नातलं धांगडधिंग्याचं गाणं, आणि आवाज बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. मग म्हणाले, "शेड."

"कुठली शेड?" आई म्हणाली.

"नवी. रंगकामाची. तिला पत्रे लागले होते नुकतेच. मी उदबत्ती नेहमीच्या जागी लावली. नेहमीची जागा शेडच्या आड गेली, माझ्या ध्यानातच आलं नाही. खाली वारा लागलाच नाही तिला. वर होता." त्यांनी फोन मांडीवर पालथा ठेवला. "वर होता, आणि त्याने पोत्याला हात लावला."

"म्हणजे आकडा?" मी विचारलं.

"आकडा हिशेबाने बरोबर आहे. इंजिन तेवढ्या ताकदीचं नव्हतंच कधी."

आईने मटाराची परात बाजूला सरकवली. आम्हाला वाटलं ते संपलं बोलून, तेव्हा बाबा म्हणाले, "त्याने विचारलं होतं मला."

"कुणी?"

"जयवंतने. वर पोचल्यावर. नेहमीसारखं नाही विचारलं. म्हणाला, सबनीस, उदबत्ती सरळ का? मला जरा हलकं वाटतंय." त्यांचा आवाज साधाच होता, कुणाला निरोप सांगावा तसा. "मी बघितलं. धूर सरळ होता. मी म्हटलं, सरळ. तो म्हणाला, मग ठीक आहे."

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग आई उठली आणि माझ्यासमोर येऊन बसली. तिचे हात हिरवे झाले होते. "मनवा, पुसून टाक तो व्हिडिओ."

"आई."

"ऐक माझं. जयवंतभावजी परत येणार आहेत का याने? हे माणूस आतून आधीच संपलंय, दिसत नाही का तुला? सोमवारी रिपोर्टावर सही झाली की मिटेल सगळं. हे बाहेर गेलं तर यांच्या हाती उरेल काय? सगळा जन्म या एका गोष्टीवर उभा केलाय यांनी. लोक काय म्हणतील ते सोड. वृंदा काय म्हणेल? ती या दाराकडे बघेल का पुन्हा?"

आईला मी असं बोलताना कधी बघितलं नव्हतं. ती ओरडत नव्हती. ती विनवत होती, मला, आणि मी नववीत होते. बाबा खिडकीकडे बघत होते. त्यांनी 'पुसू नको' म्हटलं नाही. 'पूस' म्हटलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत थांबले. वक्तृत्वाच्या ढालीचा तिथे काही उपयोग नव्हता.

मग मी फोन त्यांच्या मांडीवरून उचलला.

"मी पुसणार नाहीये," मी म्हटलं. "काकूंनी काकांचं हलतं काहीतरी मागितलंय. ते मी आत्ता नेऊन देणारे. ओढणी कुठे उडतेय ते त्या विचारणार नाहीत, त्यांना त्यातलं कळत नाही. पण मी सांगणारे. त्या म्हणतात, असेल घाई केली. ते मला ऐकवत नाही, आई."

आईने पदर तोंडाला लावला.

"माझ्या सँडलचा पट्टा घट्ट झालाय," मी म्हटलं. "लावायला वेळ लागतो. मी दारात बसून लावतेय. बाबा, तेवढ्यात तुमच्या चपला घालायच्या असतील तर घाला."